फाइल आहे, तरी ‘सापडत नाही’: दुसऱ्या प्रोसेसरसाठी बिल्ड करताना लायब्ररी अडते तेव्हा

हिंगणा रोडवरच्या आमच्या छोट्या वर्कशॉपमध्ये मे महिन्यात दुपारी दोनच गोष्टी चालतात, कूलर आणि कंपायलर. गेल्या उन्हाळ्यात आमच्याकडे शिकायला आलेला एक मुलगा तिथेच बसून दीड दिवस एका ओळीशी झुंजत होता. लिंकर (कंपाइल झालेले तुकडे आणि तयार कोडच्या लायब्ररी जोडून प्रोग्राम बनवणारं साधन) म्हणत होता, ‘कॅनॉट फाइंड -एलमॉडबस’, म्हणजे मॉडबसची लायब्ररी सापडत नाही. त्याने लायब्ररी तीनदा टाकली, दोनदा काढली, शेवटी लॅपटॉपही बंद करून चालू केला. मग माझ्याकडे आला. “ताई, लायब्ररी तं हाये न. हे पाहा, लिबमॉडबस डॉट एसओ. तरी म्हनते सापडत नाई.”

मी त्याला टर्मिनल वर सरकवायला लावलं. त्या ओळीच्या अगदी डोक्यावर दुसरी ओळ बसली होती: ‘स्किपिंग इनकम्पॅटिबल’, पुढे त्याच फाइलचा पूर्ण पत्ता, आणि मग ‘व्हेन सर्चिंग फॉर -एलमॉडबस’. म्हणजे फाइल लिंकरला सापडली होती. त्याने ती उघडून पाहिली, आपल्या कामाची नाही म्हणून बाजूला सारली, पुढे शोधत गेला आणि दुसरी काही मिळेना तेव्हा हात वर केले.

आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. पुण्याहून आलेला पाहुणा सांबारवडी म्हटल्यावर इडलीसोबतची वाटी डोळ्यांसमोर आणतो आणि ताटात येते ती कोथिंबिरीचं सारण भरलेली वडी. लिंकरची गत त्या पाहुण्यासारखीच असते. लायब्ररी नावाने मागितली जाते आणि त्या नावात प्रोसेसरचा उल्लेखही नसतो. इंटेलच्या लॅपटॉपवरची लिबमॉडबस आणि आर्म प्रोसेसरच्या छोट्या बोर्डावरची लिबमॉडबस, दोघींचं नाव अक्षरशः एक. म्हणून फ्लॅग, म्हणजे कमांडसोबतच्या सूचना, बदलण्याआधी, काही इन्स्टॉल करण्याआधी, समोरची फाइल कोणत्या प्रोसेसरची आहे ते विचारायचं. या कामातली निम्मी डोकेदुखी एवढ्यानेच जाते.

आमचा संसार आधी सांगते, म्हणजे पुढची उदाहरणं कळतील. काटोलकडच्या संत्र्याच्या बागांमध्ये जमिनीतला ओलावा नोंदवणारे डबे आम्ही बसवतो. आतला प्रोग्राम मॉडबसवरून (उपकरणांशी बोलायची एक पद्धत) सेन्सर वाचतो, एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये साठवतो आणि मॉस्किटो या निरोप पोचवणाऱ्या सॉफ्टवेअरमार्फत पुढे पाठवतो. लॅपटॉप इंटेलचा, त्यावर उबुंटू २२.०४. बोर्ड दोन प्रकारचे: रास्पबेरी पाय ४ आणि आधीच्या कामातले उरलेले पहिल्या पिढीचे पाय झिरो. कमांड मी फोनवर सांगते तशाच इथे लिहिल्या आहेत. मोठा एल आणि छोटा एल हे वेगळे फ्लॅग आहेत (बिल्डच्या कमांडमध्ये मोठ्यापुढे फोल्डरचा पत्ता येतो, छोट्यापुढे लायब्ररीचं नाव), एवढं ध्यानात ठेवा.

एक कबुलीही देऊन टाकते. प्रोग्राम चार-पाच फाइलींचा असेल आणि बोर्ड पाय ४ असेल, तर बोर्डावरच कंपाइल करा आणि घरी जा. त्यात कमीपणा काही नाही. पण झिरोवर मेमरी ५१२ एमबी. तिथे मोठं सी++ चढवलं की चहा पिऊन यावं, तर्री पोहे खाऊन यावेत, तरी ते चालूच असतं. शिवाय डबे पन्नास झाले की लॅपटॉपवर बिल्ड करण्यावाचून गत्यंतर नाही.

घोडं नेमकं कुठे पेंड खातंय?

अडथळे तीन ठिकाणी येतात आणि तिन्हींचा इलाज वेगळा. कंपाइल होताना हेडर (लायब्ररीत काय काय आहे ते सांगणारी फाइल) सापडत नाही. लिंक होताना लायब्ररी किंवा सिम्बॉल, म्हणजे तिच्यातल्या फंक्शनचं नाव, सापडत नाही. आणि बोर्डावर चालवताना लोडरला (प्रोग्राम सुरू करून लायब्ररी जोडून देणारा) काहीतरी मिळत नाही. ‘कलेक्ट२: एरर: एलडी रिटर्न्ड १ एक्झिट स्टेटस’ ही ओळ दिसली की मामला लिंकरचा. ‘एरर व्हाइल लोडिंग शेअर्ड लायब्ररीज’ असं आलं तर लिंकरचं काम केव्हाच आटोपलंय, बोर्डावरचा लोडर बोलतोय. हा फरक न कळल्यामुळे बोर्डावरच्या तक्रारीसाठी लोक लॅपटॉपवरची मेकफाइल (बिल्डच्या पायऱ्या लिहिलेली फाइल) कुरतडत बसतात. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

लिंकरचा मामला असेल तर पूर्ण कमांड डोळ्यांनी पाहा. मेक वापरत असाल तर ‘मेक व्ही=१’ किंवा ‘मेक व्हर्बोज=१’, दोन्ही शब्द मोठ्या लिपीत; निंजा असेल तर ‘निंजा -व्ही’. त्या लांबलचक ओळीत सगळ्यात आधी कंपायलरचं नाव बघा. ते ‘एआर्च६४-लिनक्स-जीएनयू-जीसीसी’ असायला हवं. नुसतं ‘जीसीसी’ दिसलं, तर तुम्ही आर्मसाठी नाही, आपल्याच लॅपटॉपसाठी बिल्ड करताय. हसू नका, आठवड्यातून एकदा होतं. बहुतेक वेळा वरच्या मेकफाइलने बरोबर कंपायलर दिलेला असतो आणि आतल्या फोल्डरच्या मेकफाइलमध्ये कुणीतरी ‘सीसी=जीसीसी’ असं ठोकून ठेवलेलं असतं.

फाइलचं ओळखपत्र

लिनक्सवरची प्रत्येक ऑब्जेक्ट फाइल, शेअर्ड लायब्ररी (डॉट एसओ वाली) आणि कंपाइल केलेला प्रोग्राम एल्फ साच्यातले असतात आणि त्यांच्या माथ्यावरच प्रोसेसर लिहिलेला असतो. बघायला दोन कमांड पुरतात:

फाइल लिबमॉडबस.एसओ.५

रीडएल्फ -एच लिबमॉडबस.एसओ.५

दुसऱ्या कमांडच्या उत्तरात ‘क्लास’ आणि ‘मशीन’ या दोन ओळी वाचायच्या. क्लास ३२ बिट की ६४ ते सांगतो, मशीन प्रोसेसरचं कूळ. प्रत्यक्ष फाइलमध्ये मशीनचा नुसता आकडा असतो: ३ म्हणजे जुना ३२ बिट इंटेल, ४० म्हणजे ३२ बिट आर्म, ६२ म्हणजे एक्स८६-६४, १८३ म्हणजे एआर्च६४, २४३ म्हणजे रिस्क-फाइव्ह. हे आकडे पाठ करायची गरज नाही, पण आमच्या कूलरवर चिकटवलेले आहेत, कारण कधीकधी लिंकर फक्त आकडा बोलतो. लायब्ररी नावाने न मागता पूर्ण पत्ता देऊन मागितली, तर तो ‘स्किपिंग’ वगैरे म्हणत नाही; सरळ ‘रिलोकेशन्स इन जेनेरिक एल्फ, ईएम: ६२’ आणि ‘फाइल इन राँग फॉरमॅट’ असं फटकारतो. ६२ ओळखता आलं की गुन्हेगार कोण ते कळलं: इंटेलची फाइल आर्मच्या पंगतीत येऊन बसली आहे.

नावांचाही एक घोळ आहे. ज्याला जीएनयूची मंडळी एआर्च६४ म्हणतात त्यालाच डेबियन आर्म६४ म्हणतं. एक्स८६-६४ ला डेबियन एएमडी६४ म्हणतं, मग प्रोसेसर इंटेलचा का असेना. “पण माझा लॅपटॉप एएमडीचा नाही” हा प्रश्न दर बॅचला येतोच.

स्टॅटिक लायब्ररी, म्हणजे डॉट ए वाली, जरा फसवी. ‘फाइल’ कमांड तिच्याबद्दल फक्त ‘करंट एआर आर्काइव्ह’ एवढंच सांगते, कारण ते ऑब्जेक्ट फाइलींचं गाठोडं आहे. तिच्यावर रीडएल्फ -एच चालवलं की आतल्या प्रत्येक फाइलचं ओळखपत्र निघतं. त्यातून ‘मशीन’च्या ओळी गाळून मोजा:

रीडएल्फ -एच लिबसेन्सर.ए | ग्रेप मशीन | सॉर्ट | युनिक -सी

उत्तर एकाच ओळीत यायला हवं. आमच्याकडे एकदा दोन ओळी आल्या: एकोणीस फाइली आर्मच्या, दोन इंटेलच्या. आदल्या दिवशी त्याच फोल्डरमध्ये लॅपटॉपसाठी बिल्ड केलं होतं आणि ‘मेक क्लीन’ने उपफोल्डरमधल्या दोन ऑब्जेक्ट फाइली पुसल्या नव्हत्या. त्या ताज्या दिसत असल्यामुळे मेकने पुन्हा कंपाइल केल्या नाहीत, आणि गाठोड्यात तशाच बांधल्या गेल्या. तेव्हापासून नियमच केला: प्रत्येक आर्किटेक्चरला वेगळं बिल्ड फोल्डर, आणि शंका आली की ते सबंध फोल्डर उडवायचं. क्लीनवर माझा विश्वास नाही.

‘स्किपिंग’ची ओळ नसताना फक्त ‘कॅनॉट फाइंड’ आलं, तर मात्र फाइल खरोखरच नाही, निदान त्या नावाची नाही. लिंकर ‘लिबमॉडबस.एसओ’ शोधतो, बोर्डावर चालवायच्या पॅकेजात असते ‘लिबमॉडबस.एसओ.५’. पुढचा आकडा नसलेली सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी फाइल) डेव्ह, म्हणजे बिल्डसाठीच्या पॅकेजमधून येते. बोर्डावरून लायब्ररी उचलून आणलेल्यांची हमखास इथेच पंचाईत होते.

लिंकर बघतो कुठे?

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळू. आर्मचा लिंकर इंटेलच्या फोल्डरात गेलाच कसा? आपणहून तो जात नाही. कुणीतरी पाठवलेलं असतं. विचारून घ्या:

एआर्च६४-लिनक्स-जीएनयू-जीसीसी -प्रिंट-सर्च-डर्स

एआर्च६४-लिनक्स-जीएनयू-जीसीसी -प्रिंट-फाइल-नेम=लिबमॉडबस.एसओ

दुसऱ्या कमांडने पूर्ण पत्ता दिला तर फाइल नेहमीच्या जागी आहे. नुसतं नावच परत फेकलं तर तिथे नाही. याहून खोलात जायचं असेल तर लिंकच्या कमांडला ‘-डब्ल्यूएल,--व्हर्बोज’ जोडा. लिंकर प्रत्येक दारावरची थाप नोंदवतो: अमुक फाइल उघडायचा प्रयत्न केला, फसला, तमुक उघडली, जमलं. शंभरेक ओळी येतात, पण त्यातल्या पाच-सहाच आपल्या लायब्ररीच्या असतात.

आमच्या बाबतीत मेकफाइलच्या चौदाव्या ओळीत मोठ्या एलच्या फ्लॅगपुढे लॅपटॉपच्या एक्स८६-६४ फोल्डरचा पत्ता ठोकलेला निघाला. दोन वर्षांपूर्वी मीच लिहिला होता. मुलाला सांगितलं नाही.

पत्ता काढला की लिंकर खोटं दार ठोठावणं बंद करतो, पण आर्मची लायब्ररी अजून आणायची असते. उबुंटू आणि डेबियनवर सरळ रस्ता मल्टीआर्चचा, म्हणजे एकाच सिस्टमवर दोन प्रोसेसरांची पॅकेजेस ठेवण्याचा:

सुडो डीपीकेजी --ॲड-आर्किटेक्चर आर्म६४

सुडो ॲप्ट अपडेट

सुडो ॲप्ट इन्स्टॉल क्रॉसबिल्ड-इसेन्शियल-आर्म६४ लिबमॉडबस-डेव्ह:आर्म६४

डेबियनवर हे निमूटपणे चालतं. उबुंटू २२.०४ आणि २४.०४ वर दुसऱ्याच कमांडला ४०४ चा पाऊस पडतो, कारण आर्मची पॅकेजेस नेहमीच्या आर्काइव्ह सर्व्हरवर नसून पोर्ट्स नावाच्या वेगळ्या सर्व्हरवर असतात. २२.०४ मध्ये सोर्सेस.लिस्टच्या जुन्या ओळींना चौकटी कंसात ‘आर्च=एएमडी६४’ लावा आणि पोर्ट्सच्या नव्या ओळी ‘आर्च=आर्म६४’ लावून जोडा. २४.०४ मध्ये ती यादी ‘उबुंटू.सोर्सेस’ फाइलमध्ये गेली आहे; तिथे ‘आर्किटेक्चर्स:’ अशी वेगळी ओळ लिहायची. या रस्त्याने इंटेलची लायब्ररी एका फोल्डरात, आर्मची शेजारच्या दुसऱ्या फोल्डरात राहते आणि दोघी एकमेकींच्या पायात येत नाहीत.

बोर्डाची नक्कल, म्हणजे सिसरूट

मल्टीआर्चने येणारी लायब्ररी लॅपटॉपच्या उबुंटूच्या आवृत्तीची असते, बोर्डाच्या नव्हे. दोन्हींत अंतर असेल तर मी बोर्डाचीच नक्कल लॅपटॉपवर आणते. बोर्डावर डेव्ह पॅकेजेस टाकायची, मग आरसिंकने तिथलं यूएसआर आणि लिब उचलून ‘सिसरूट’ नावाच्या फोल्डरात ठेवायचं, आणि कंपायलरला ‘--सिसरूट=’ पुढे त्याचा पत्ता द्यायचा.

इथे एक खड्डा आहे आणि पहिल्यांदा सगळेच त्यात पडतात. बोर्डावरच्या काही सिमलिंक रूटपासून सुरू होणाऱ्या पूर्ण पत्त्याच्या असतात. लॅपटॉपवर आल्यावर त्या सिसरूटच्या आत न बघता लॅपटॉपच्याच रूटकडे बोट दाखवतात. तिथे ती फाइल नसली तर लिंक तुटकी. असली तर इंटेलची, आणि पुन्हा ‘स्किपिंग इनकम्पॅटिबल’. ‘सिमलिंक्स’ नावाचं छोटं साधन मिळतं, ते नक्कल उचलण्याआधी बोर्डावरच -आर आणि -सी लावून चालवा, पूर्ण पत्त्यांचे सापेक्ष पत्ते होतात. आधी -सीच्या जागी -टी लावून काय काय बदलेल ते पाहून घ्या.

आणखी एक गंमत. ‘लिबसी.एसओ’ ही फाइल लायब्ररी नसतेच. ती मोजक्या ओळींचा मजकूर असतो, ज्यात खऱ्या लिबसीचा पत्ता लिहिलेला असतो. ‘फाइल’ कमांडने तिला ‘टेक्स्ट’ म्हटलं म्हणून कुणी घाबरून ती डिलीट करू नये. ती सिसरूटच्या आत असेल तर लिंकर तिच्यातल्या पत्त्यांपुढे सिसरूट आपोआप लावतो.

चुगली करणारे तिघे

हाताने लिहिलेल्या मेकफाइलमध्ये दोष दिसतो तरी. पीकेजी-कॉन्फिग, सीमेक आणि कॉन्फिगर ही बिल्डची तयारी करून देणारी साधनं पडद्याआडून चुकीचे पत्ते पुरवतात.

पीकेजी-कॉन्फिगला ‘पीकेजी_कॉन्फिग_पाथ’ दिला की झालं, असा गैरसमज आहे. पाथने नवी जागा फक्त रांगेत पुढे लागते. तिथे मिळालं नाही तर तो मुकाट्याने लॅपटॉपच्या नेहमीच्या जागेत जाऊन इंटेलचे फ्लॅग घेऊन येतो. रांगच बदलायची असेल तर ‘पीकेजी_कॉन्फिग_लिबडर’ वापरा, त्यात सिसरूटमधले दोन्ही पीकेजीकॉन्फिग फोल्डर द्या, एक लिबखालचं आणि एक शेअरखालचं. सोबत ‘पीकेजी_कॉन्फिग_सिसरूट_डर’ला सिसरूटचा पत्ता. मग ‘पीकेजी-कॉन्फिग --लिब्स लिबमॉडबस’ विचारून उत्तर स्वतः वाचा.

सीमेकसाठी टूलचेनची (कंपायलर, लिंकर वगैरे साधनांचा संच) माहिती देणारी फाइल लिहावी लागते. तिच्यात सिस्टमचं नाव लिनक्स, प्रोसेसर एआर्च६४, दोन्ही कंपायलर आणि सिसरूट. नंतर ‘फाइंड_रूट_पाथ_मोड’च्या चार ओळी: प्रोग्रामसाठी नेव्हर, लायब्ररी, इन्क्लूड आणि पॅकेज या तिघांसाठी ओन्ली. प्रोग्रामला नेव्हर का, तर बिल्ड होताना लागणारी साधनं लॅपटॉपवरच चालवायची असतात. दोन सूचना पदरचं नुकसान सोसून देते. सीमेक एकदा सापडलेला पत्ता कॅशमध्ये जपून ठेवतो, तेव्हा टूलचेन फाइल सुधारली की बिल्ड फोल्डर पुसा, किंवा ३.२४ पासून पुढच्या सीमेकमध्ये ‘--फ्रेश’ द्या. आणि ‘पीकेजी_चेक_मॉड्यूल्स’ या चार ओळींना जुमानत नाही, कारण ते आतून पीकेजी-कॉन्फिगलाच विचारतं. म्हणजे वरचे दोन व्हेरिएबल सीमेकसोबतही लागतातच.

कॉन्फिगर स्क्रिप्टमध्ये बिल्ड म्हणजे आपण बसलोय ते मशीन, होस्ट म्हणजे प्रोग्राम जिथे चालणार ते. टार्गेट फक्त कंपायलरच बनवत असाल तर. म्हणून बोर्डाचं नाव ‘--होस्ट=’ पुढे येतं, भले शब्द उलटा वाटो.

‘अनडिफाइन्ड रेफरन्स’: लायब्ररी मिळाली, आतला सिम्बॉल नाही

हे दुखणं वेगळं. लायब्ररी योग्य प्रोसेसरची आहे, उघडली आहे, तरी लिंकर म्हणतो अमुक फंक्शनचा पत्ता नाही.

सगळ्यात जास्त वेळा क्रम चुकलेला असतो. लिंकर कमांड डावीकडून उजवीकडे वाचतो आणि अजून न मिळालेल्या नावांची यादी हातात घेऊन चालतो. डॉट ए गाठोडं आलं की त्या क्षणी यादीत असलेली नावं तेवढी त्यातून उचलतो आणि पुढे जातो; मागे वळून बघत नाही. म्हणून आधी आपल्या ऑब्जेक्ट फाइली, मग लायब्ररी. जी दुसरीवर अवलंबून ती आधी, जिच्यावर अवलंबून ती नंतर. दोघी एकमेकींवर अवलंबून असतील तर ‘--स्टार्ट-ग्रुप’ आणि ‘--एंड-ग्रुप’च्या मध्ये ठेवा. डॉट एसओला हा नियम इतका कडक नसतो, पण उबुंटूने २०११ पासून ‘--ॲज-नीडेड’ आपोआप चालू ठेवलं आहे, त्यामुळे ऑब्जेक्टच्या आधी लिहिलेली एसओ ‘गरज नाही’ म्हणून गळते. डेबियनवर चालणारी मेकफाइल उबुंटूवर का अडते, याचं उत्तर बहुधा इथेच असतं.

‘डीएसओ मिसिंग फ्रॉम कमांड लाइन’ म्हणजे दूरच्या नातेवाइकाकडून परस्पर उसनं घेणं. तुम्ही एसएसएल लिंक केली, ती स्वतः क्रिप्टो वापरते, आणि तुमच्या कोडनेही क्रिप्टोचं फंक्शन थेट बोलावलं. तसं असेल तर छोट्या एलने क्रिप्टोही स्वतः मागा. याच्याच शेजारची सूचना ‘ट्राय युझिंग -आरपाथ ऑर -आरपाथ-लिंक’. लायब्ररीची लायब्ररी लिंकरला दिसत नाहीये. क्रॉस बिल्डमध्ये, म्हणजे एका प्रोसेसरवर बसून दुसऱ्यासाठी बिल्ड करताना, -आरपाथ-लिंक द्या, कारण ते फक्त लिंक होताना वापरलं जातं. -आरपाथ प्रोग्रामच्या आत कायमचं कोरलं जातं, आणि तुमच्या लॅपटॉपच्या होम फोल्डरचा पत्ता काटोलच्या डब्यात घेऊन कुणाला काय करायचंय?

सिम्बॉलचं नाव अगम्य अक्षरांची माळ असेल तर ते ‘सी++फिल्ट’मधून काढा. त्यात ‘सीएक्सएक्स११’ दिसलं तर एक बाजू जीसीसी ५ च्या आधीच्या, म्हणजे २०१५ पूर्वीच्या स्ट्रिंगने कंपाइल झाली आहे. आणि नाव साध्या सी फंक्शनचं असूनही माळेत गुंफलेलं असेल, तर हेडरला ‘एक्स्टर्न सी’ लावायचं राहिलंय.

‘ॲटॉमिक_फेच_ॲड_८’ अशा छापाचं नाव आलं तर लायब्ररीत शोधत बसू नका. झिरोसारख्या जुन्या ३२ बिट बोर्डासाठी ६४ बिटांचा ॲटॉमिक काउंटर (एका दमात बदलणारा आकडा) वापरला की जीसीसी ते काम मदतनीस फंक्शनकडे सोपवतो. कमांडच्या शेवटी ‘-एलॲटॉमिक’ जोडा, मिटलं. लॅपटॉपवर हे कधीच दिसत नाही, म्हणून गोंधळ जास्त. तसंच ‘रीकंपाइल विथ -एफपिक’: स्टॅटिक लायब्ररी शेअर्डमध्ये घालताय, तर ती पिक लावून पुन्हा बनवा, दुसरा उपाय नाही.

‘युझेस व्हीएफपी रजिस्टर आर्ग्युमेंट्स, आउटपुट डज नॉट’ ही तक्रार फक्त ३२ बिट आर्मची. एक बाजू दशांश आकडे फ्लोटिंग पॉइंट रजिस्टरमधून देते, दुसरी साध्या रजिस्टरमधून. कंपायलरच्या नावाच्या शेवटी ‘एचएफ’ आहे का पाहा. बोर्ड हार्ड फ्लोटचा असेल तर तेच हवं.

पाय झिरोवाल्यांसाठी आणखी एक काटा. तो एआरएमव्ही६, म्हणजे आर्मच्या जुन्या आवृत्तीचा आहे. उबुंटूचा ‘आर्म-लिनक्स-जीएनयूईएबीआयएचएफ’ कंपायलर एआरएमव्ही७ साठी बनलेला. लिंक बिनतक्रार होतं आणि बोर्डावर ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणून कोसळतं. ‘-मार्च=एआरएमव्ही६’ दिल्याने भागत नाही, कारण कंपायलरसोबत येणाऱ्या सुरुवातीच्या फाइली आणि लिबजीसीसी आधीच व्ही७ च्या असतात. झिरोला त्याच्यासाठी बनवलेलीच टूलचेन लागते. ‘रीडएल्फ -मोठा ए’ चालवून ‘टॅग_सीपीयू_आर्च’ वाचा. व्ही७ लिहिलेलं असेल तर कॉपी करण्याची तसदीही घेऊ नका.

काटोलहून आलेला फोन

जूनमध्ये तोच मुलगा डबा घेऊन बागेत गेला आणि तासाभरात फोन आला. “ताई, फाइल समोर दिसून राहिली, पन चालवली का म्हनते ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’.” मी म्हटलं, यूनेम -एम चालव. उत्तर आलं एआर्च६४. प्रोग्रामही एआर्च६४. मग बिनसलं कुठे?

ती तक्रार प्रोग्रामबद्दल नसतेच. डायनॅमिक प्रोग्रामच्या आत त्याला चालू करणाऱ्या लोडरचा पत्ता लिहिलेला असतो आणि कर्नलला तो लोडर सापडत नसतो. नव्या बॅशमध्ये संदेश जरा प्रामाणिक झालाय, ‘कॅनॉट एक्झिक्यूट: रिक्वायर्ड फाइल नॉट फाउंड’. पत्ता बघायचा ‘रीडएल्फ -छोटा एल’ने, ‘रिक्वेस्टिंग प्रोग्राम इंटरप्रिटर’ या ओळीत. ६४ बिट आर्मला तो ‘/लिब/एलडी-लिनक्स-एआर्च६४.एसओ.१’ असतो, ३२ बिट हार्ड फ्लोटला ‘/लिब/एलडी-लिनक्स-आर्मएचएफ.एसओ.३’. अल्पाइनसारख्या, मसल नावाची वेगळी सी लायब्ररी वापरणाऱ्या सिस्टमवर ‘एलडी-मसल-एआर्च६४.एसओ.१’.

मी त्याला दुसरी कमांड दिली, ‘डीपीकेजी --प्रिंट-आर्किटेक्चर’. उत्तर आलं आर्मएचएफ. रास्पबेरी पायची ३२ बिट सिस्टम पाय ४ वर ६४ बिट कर्नल लावून सुरू होऊ शकते. यूनेम कर्नलबद्दल बोलतं. लायब्ररी आणि लोडर मात्र ३२ बिटच. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. कार्ड लिहिताना चुकीची इमेज घेतली गेली होती. साठेक किलोमीटरचं जाणं-येणं फुकट गेलं.

‘एक्झेक फॉरमॅट एरर’ आला तर प्रोसेसरच चुकला, पहिल्या ओळखपत्राकडे परत जा. ‘व्हर्जन जीलिबसी_२.३४ नॉट फाउंड’ आला तर प्रोसेसर बरोबर, पण लॅपटॉपची जीलिबसी (लिनक्सवरची मूळ सी लायब्ररी) बोर्डापेक्षा नवी. उबुंटू २२.०४ मध्ये २.३५ आहे, २४.०४ मध्ये २.३९, डेबियन ११ मध्ये २.३१, डेबियन १२ मध्ये २.३६. जुन्यावर बनवलेलं नव्यावर चालतं, उलट नाही. २.३४ चाच आकडा वारंवार का दिसतो, तर त्या आवृत्तीत पीथ्रेड आणि डीएल लिबसीतच विलीन झाले आणि प्रोग्राम सुरू करणाऱ्या सिम्बॉललाही नवा आकडा मिळाला, त्यामुळे एक ओळीचा प्रोग्रामही २.३४ मागतो. सी++ मधला साधा ‘एसटीओआय’ २४.०४ वर बनवला की २.३८ मागतो. नवी जीलिबसी बोर्डावर हाताने बसवायच्या फंदात पडू नका. बोर्ड बूट व्हायचा बंद होतो आणि मग कार्ड पुन्हा लिहावं लागतं. जुन्या बोर्डाच्या सिसरूटवर बिल्ड करा, किंवा डॉकरमध्ये डेबियन ११ चा कंटेनर घेऊन त्यात.

मॅकवाल्यांसाठी दोनच वाक्यं. ॲपलच्या एम मालिकेवर ओळखपत्र ‘लिपो -इन्फो’ने बघा, आणि होमब्रू (मॅकवर पॅकेजेस बसवणारं साधन) दोनदा बसलेला असू शकतो, आर्मचा ‘/ऑप्ट/होमब्रू’त, इंटेलचा ‘/यूएसआर/लोकल’मध्ये, बहुतेक भांडण त्या दोघांचंच असतं.

गाडी काढण्याआधी

आता आमच्या मेकफाइलमध्ये ‘तपास’ नावाचं टार्गेट आहे. ते तयार प्रोग्रामवर रीडएल्फ चालवून मशीन, इंटरप्रिटर आणि ‘नीडेड’ लायब्ररींची यादी छापतं. ‘एलडीडी’ इथे वापरत नाही. लॅपटॉपवर परक्या प्रोसेसरची फाइल दिली की ती ‘नॉट अ डायनॅमिक एक्झिक्यूटेबल’ म्हणते, आणि नवखा माणूस प्रोग्राम स्टॅटिक आहे असं समजतो. शेवटची ओळ ‘ऑब्जडम्प -मोठा टी’मधून जीलिबसीचे आकडे गाळून त्यातला सगळ्यात मोठा दाखवते, ऑब्जडम्पही एआर्च६४ चाच घ्या, लॅपटॉपच्या ऑब्जडम्पला परकी फाइल वाचता येईलच असं नाही.

मग क्यूईएमयू, म्हणजे परक्या प्रोसेसरची नक्कल करणारा प्रोग्राम, घेऊन लॅपटॉपवरच एकदा चालवून पाहतो:

क्यूईएमयू-एआर्च६४ -मोठा एल सिसरूट ./लॉगर --व्हर्जन

सेन्सर नसल्यामुळे पुढे काही होत नाही, पण लोडरला सगळ्या लायब्ररी मिळाल्या की नाही ते कळतं. यासोबत येणारी एक सोय मात्र ओळखून असा: क्यूईएमयूची स्टॅटिक आवृत्ती टाकली असेल तर लॅपटॉप आर्मचा प्रोग्राम न सांगताही चालवायचा प्रयत्न करतो, म्हणून ‘लॅपटॉपवर चाललं, म्हणजे इंटेलचं असेल’ हा तर्क तिथे लागू नाही.

आणि प्रत्येक डबा बंद करताना झाकणाच्या आतल्या बाजूला तीन गोष्टी मार्करने लिहितो: डीपीकेजीने सांगितलेलं आर्किटेक्चर, जीलिबसीचा आकडा, कार्ड लिहिल्याची तारीख. मुलगा आता बागेतून फोन करतो तो झाकण उघडून, आणि पहिलं वाक्य असतं, “ताई, आर्मएचएफ, दोन पॉइंट एकतीस.”